बांधावरून : खोकल्याची पैसेवारी



पैसेवारी हा शब्द आपल्या मराठवाड्यात शाळकरी पोरालाही माहीत असतो. पीक कापणीच्या प्रयोगासाठी महसूल आणि कृषी खात्याची माणसे रानात येतात, ठरलेल्या मापाचा तुकडा आखतात, त्यातला माल काढून मोजतात आणि त्यावरून गावाची पैसेवारी निघते. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती मिळतात, वर गेली तर हात हलवीत परत यायचे. रानात काय पिकले ते घरधन्याला ठाऊक असते, पण सरकारदरबारी कागदावरचा आकडा बोलतो. म्हणून आकडा चुकला असे वाटले की सारे गाव तहसीलवर जाते.

आज ज्या आकड्याविषयी लिहायचे आहे तोही मराठवाड्याचाच आहे. पण तो पिकाचा नाही, माणसांचा आहे. तो फार कमी आहे, आणि कमी असल्यामुळे त्यावरून कुणी मोर्चा काढला नाही की निवेदन दिले नाही. खरी गोम तिथेच आहे.

सर्वांत खालचा आकडा

आपल्या देशात काही ठरावीक जिल्ह्यांत आणि शहरांत कर्करोगाच्या, म्हणजे कॅन्सरच्या, रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हे काम १९८१-८२ च्या सुमारास हाती घेतले. २०१२ ते २०१६ या पाच वर्षांच्या नोंदींचा अहवाल २०२० साली बाहेर आला. म्हाताऱ्या माणसांची संख्या जिथे जास्त तिथे हा रोगही जास्त दिसणार, म्हणून वयाचा फरक हिशेबात धरून जिल्ह्याजिल्ह्याची तुलना केली जाते. कोरडवाहू आणि बागायती रानाचे उत्पन्न आपण पाण्याचा फरक धरूनच तोलतो, तसेच हे.

या अहवालात पुरुषांमध्ये सर्वांत वरचा आकडा मिझोराममधल्या आयझॉल जिल्ह्याचा आहे. दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ नवे रुग्ण. आणि सर्वांत खाली कोण? आपले शेजारी बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. पुरुषांत ३९.५ आणि बायकांत ४९.४. गोदावरी ओलांडली की बीड लागतो. तिथले खाणे, राबणे, सवयी आपल्या जालना जिल्ह्याहून काही फार निराळ्या नाहीत, तेव्हा त्यांचा आकडा आपलाही समजून बोलायला हरकत नाही.

आता एकट्या फुप्फुसाच्या कर्करोगाकडे पाहा. आयझॉलमध्ये तो पुरुषांत ३८.८ आणि बायकांत ३७.९ आहे. तिथे पुरुषांत एकट्या फुप्फुसाचे जेवढे रुग्ण निघतात, जवळजवळ तेवढे आपल्याकडे सगळ्या अवयवांचे मिळून निघतात.

केदारखेड्याच्या पारावर हे सांगितले तर कुणीही म्हणेल, "मग काय साहेब, आपलं चांगलंच हाय की! मोकळी हवा, भाकरी-ठेचा, दिवसभराचं राबणं. आपल्याला कामून होईल तसलं दुखणं?" या बोलण्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. ते किती, हे नीट निवडून पाहू. धान्य पाखडून खडे बाजूला काढावेत तसे.

खरोखर कमी आहे ते

महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे इतर अनेक राज्यांच्या मानाने कमी आहेत, ही गोष्ट खरी आहे. २०१६-१७ साली देशभर तंबाखूची पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले. मिझोराममध्ये बायापुरुष दोघेही मोठ्या प्रमाणात ओढतात, म्हणून तिथे बायकांचा आकडाही पुरुषांच्या बरोबरीला येऊन टेकला आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान, हे १९५० सालापासून जगभर सिद्ध झालेले आहे. तेव्हा ओढणारे कमी तिथे हा रोग कमी, हे सरळ गणित आहे.

पण त्याच पाहणीत महाराष्ट्राचा दुसरा आकडा होता. तंबाखू, गुटखा, मिश्री, खर्रा असे बिनधुराचे प्रकार वापरणारे निघाले २४.४ टक्के, म्हणजे चौघांत एक. धूर आत गेला नाही म्हणून छाती वाचली, पण गालफडात चिमूट गेली ती गेलीच. महाराष्ट्रात पुरुषांना तोंडाचा कर्करोग एवढा का होतो, याचे उत्तर आपल्या चंचीत आहे. त्यामुळे फुप्फुसाच्या कमी आकड्याने फार हुरळून जाण्यात अर्थ नाही.

कागदावर आलेच नाही ते

आता दुसरी बाजू. रोग मोजायचा तर आधी तो ओळखला गेला पाहिजे. फुप्फुसाचा कर्करोग वरून दिसत नाही. तोंडातला चट्टा आरशात दिसतो, स्तनातली गाठ हाताला लागते. पण छातीतली गाठ पाहायला फोटो लागतो, मोठ्या यंत्रावरचा स्कॅन लागतो आणि शेवटी गाठीचा बारीक तुकडा काढून तो दुर्बिणीखाली तपासावा लागतो. हे सगळे तालुक्याच्या गावी होत नाही. जो माणूस तिथपर्यंत पोचलाच नाही, त्याचा रोग कोणत्याही वहीत चढत नाही.

आपल्या ग्रामपंचायतीतली मृत्यूची नोंदवही डोळ्यांसमोर आणा. कारणाच्या रकान्यात काय असते? "वृद्धापकाळ", "दम", "अल्प आजार". देशात २०२० साली नोंद झालेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. उरलेली माणसे कशाने गेली, ते घरच्यांनी सांगितले तेवढेच.

आमच्या भागातल्या एका कास्तकाराची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. वय साठीच्या आत. कपाशी आणि मका करायचे, माणूस कष्टाळू. कानावर बिडी कायमची. एका दिवाळीपासून खोकला लागला. आठवडी बाजाराच्या गावी दोन-तीन वेळा सुई घेतली, खोकल्याची बाटली घेतली. संक्रांतीपर्यंत अंगरखा ढिला पडला. शिमग्याच्या सुमाराला छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसला. डॉक्टरांनी सांगितले, शहरात जाऊन स्कॅन करा, तुकडा तपासा. घरच्यांनी ऐकले ते एवढेच, की डाग आहे. डाग म्हणजे टीबी, असे ज्याने त्याने ठरवून टाकले. बेडका कुणी तपासला नाही.

मी मृगाच्या तोंडाशी बियाण्याच्या कामाने त्यांच्याकडे गेलो होतो. आवाज पार बसला होता. म्हणालो, "आबा, शहरात जाऊन या." ते म्हणाले, "साहेब, एवढी पेरणी होऊ द्या, मग जातो." पेरणी झाली, मग डवरणी आली, मग खताचा हप्ता. पोळ्याला बैल सजले तेव्हा घरात दहावा झालेला होता. ग्रामपंचायतीच्या वहीत कारण लिहिले गेले "दम".

त्यांना नेमके काय झाले होते, हे आता कुणीच ठरवू शकणार नाही. तुकडा तपासलाच नाही. ते टीबीच्या यादीत नाहीत आणि कर्करोगाच्या यादीतही नाहीत. आपल्या कमी आकड्यात अशी किती घरे दडलेली असतील, याचा विचार आपण करायचा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण दुखण्याच्या बाबतीत झाकलेली मूठ घराला कंगाल करते.

बार्शीने काय दाखवले

"खेड्यातली माणसे असली नोंद कशी करू देतील?" असे कुणी विचारील. त्याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे, आणि तेही आपल्याच मुलखात.

मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली होती. पण ती शहराची. खेड्याची मोजदाद कशी करावी, याचा नमुना देशात नव्हता. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ती सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात घेतली. भूम-परंडा म्हणजे आपला मराठवाडाच.

शहरात इस्पितळांच्या फायली चाळल्या की रुग्ण सापडतात. खेड्यात रुग्ण इस्पितळात पोचतच नव्हता, तर फायलीत कुठून येणार? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते स्वतः गावोगाव फिरले. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, दाई यांच्याशी बोलले. लोकांना जमवून कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली. ज्याला तसे काही होते त्याला बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात तपासणीला आणले. काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावात गेले. आम्ही कृषी विस्ताराची माणसे ज्या पद्धतीने सुधारित बियाणे गावात नेतो, तीच ही पद्धत. एकदा सांगून भागत नाही, पुनःपुन्हा बांधावर जावे लागते.

त्याचा परिणाम पाच-सहा वर्षांत दिसला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायका आधी फार उशिरा यायच्या, त्या लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. नवे औषध निघाले नव्हते, नवे यंत्र आले नव्हते. लोकांना कळले आणि ते वेळेवर आले, एवढेच घडले होते.

पुढे त्याच बार्शीच्या हॉस्पिटलाने टाटा मेमोरियल आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांच्या जोडीने उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग केला. १९९९ पासून ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. एचपीव्ही नावाच्या विषाणूची एकदाच तपासणी केली आणि दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले, तर या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून सिद्ध झाले. २००९ साली ते जगासमोर आले. शेतात राबणाऱ्या आपल्या मायबहिणींच्या नोंदींवर आज जगातले डॉक्टर उपचार ठरवतात. खेड्याची नोंद क्षुल्लक असते असे कुणी म्हणाले तर त्याला हे सांगा.

फुप्फुसाला मात्र अशी सोपी तपासणी अजून नाही. अमेरिकेत फार ओढणाऱ्या ५३ हजार लोकांवर प्रयोग झाला, त्याचे फळ २०११ साली हाती आले. दरवर्षी हलका स्कॅन काढला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्के कमी होतात असे दिसले. पण आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतक्या छात्यांत आहेत, की स्कॅनमध्ये दिसलेला डाग कशाचा हे ठरवण्यातच निम्मी शक्ती जाईल. म्हणून आपल्या हातात दोन गोष्टी उरतात. धूर टाळणे, आणि खोकला वेळेवर दाखवणे.

बिडीचा आणि चुलीचा धूर

"बिडी म्हणजे पानाची, देशी वस्तू, सिगारेटीसारखी कागदाची नाही," असे म्हणणारे अजून पुष्कळ आहेत. तेंदूचे पान कागदापेक्षा कमी हवा आत घेते. त्यामुळे बिडी विझू नये म्हणून ती भराभर ओढावी लागते आणि धूर खोल जातो. २००८ साली देशभरातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिडी ओढणारा पुरुष सरासरी ६ वर्षे आधी जातो, बिडी ओढणारी बाई ८ वर्षे आणि सिगारेट ओढणारा पुरुष १० वर्षे आधी जातो, असे त्यात आढळले. सहा वर्षे म्हणजे सहा खरीप आणि सहा रब्बी. नातवाला औत धरायला शिकवण्याची वर्षे.

ज्याने बिडी सोडली त्याला निसर्ग परतफेड करतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो. सोडताना पहिले पंधरा दिवस अवघड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. घरच्यांनी त्या दिवसांत टोचून बोलू नये. मदतीला सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. तंबाखू खाणाऱ्यांनाही तो चालतो.

"पण आमच्या घरात कुणी बिडीला शिवत नाही," असे काही भगिनी म्हणतील. त्यांच्यासाठीही हा मजकूर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण कधीच न ओढणारे होते. हवेतले प्रदूषण, दुसऱ्याच्या बिडीचा धूर, काही धंद्यांतली धूळ आणि घरातला चुलीचा धूर, ही त्यामागची कारणे शास्त्रज्ञ सांगतात. दगडी कोळशाचा घरातला धूर कर्करोग करतो हे पक्के ठरलेले आहे. लाकूडफाट्याचा आणि गोवऱ्यांचा धूर बहुधा करतो, असे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचे मत आहे. कर्करोग बाजूला ठेवला तरी चुलीच्या धुराने कायमचा दमा-खोकला जडतो, यात शंका नाही.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि गॅसची शेगडी घरोघर पोचली. पण आपल्याकडे काय चालते ते सर्वांना माहीत आहे. शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती, आणि भाकरी, अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण पऱ्हाट्या-तुराट्यांवर. टाकीचे पैसे दर महिन्याला सुचत नाहीत, हेही खरे. तेव्हा जमेल तेवढे तरी करा. रोजची भाकरी-भाजी गॅसवर, आणि पाणी तापवण्याची चूल घराबाहेर, उघड्या छपरात. आतच चूल ठेवणे भाग असेल तर वर धुराडे काढा आणि समोरासमोर दोन झरोके ठेवा. सरपण ओले वापरू नका. पावसाळ्याआधी पऱ्हाट्या झाकून ठेवल्या तर निम्मा धूर तिथेच कमी होतो. तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका. निर्धूर चुलीचा प्रचार चाळीस वर्षांपूर्वी सरकारने केला होता. काही घरांत त्या चुली टिकल्या, बऱ्याच घरांत नळी काजळीने तुंबली आणि चूल मोडली. ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी दर महिन्याला नळी साफ करावी.

फवारणीबद्दल नेहमी विचारणा होते. आर्सेनिक असलेल्या जुन्या कीडनाशकांनी फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे जर्मनीत मोझेल नदीकाठच्या द्राक्ष उत्पादकांत दिसून आले होते. आज आपण वापरतो त्या औषधांचा पहिला आणि तातडीचा धोका विषबाधेचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसेक माणसे दगावली, ते विसरू नये. तोंडाला फडके, हातमोजे, वाऱ्याच्या पाठीने फवारणी आणि काम होताच अंघोळ, हे सोडू नका. आणि फवारताना बिडी मुळीच नको, औषध हातावरून ओठांत जाते.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर

हे कात्रण काढून देवळीत ठेवले तरी चालेल.

पहिली गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बेडका तपासून घ्या. गावच्या आशाताईंना सांगितले तरी त्या व्यवस्था करतात. टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. गोव्यातल्या कंपनीने तयार केलेल्या ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत निकाल कळतो. टीबी निघाला तर उपचाराच्या काळात सकस आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये खात्यात येतात. औषध अर्ध्यात सोडू नका.

दुसरी गोष्ट. बेडक्यात टीबी निघाला नाही आणि फोटोत डाग आहे, तर "टीबीच असेल" म्हणून अंदाजाने गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना स्वच्छ विचारा, "डाग कशाचा आहे? पुढची तपासणी कुठे करायची?" टीबीची औषधे दोन महिने नेमाने घेऊनही वजन वाढत नाही, खोकला हटत नाही, डाग तसाच आहे, तरी हेच विचारा.

तिसरी गोष्ट. ही लक्षणे असतील तर पेरणी-काढणी बाजूला ठेवा : खोकल्यातून रक्त, आवाज बसून तीन आठवडे झाले तरी न सुटणे, कारण नसताना वजन उतरणे, छातीत किंवा खांद्यात सतत दुखणे, थोडे चालले तरी दम लागणे, मानेत गाठ. चाळिशी उलटलेल्या आणि बिडी ओढणाऱ्या माणसाचा नेहमीचा खोकला बदलला, वाढला, तर तोही दाखवावा.

चौथी गोष्ट. तुकडा काढला किंवा सुई घातली की रोग भडकतो, अशी समज गावोगाव आहे. ती खोटी आहे. तुकड्याशिवाय रोगाची जात कळत नाही, आणि जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. मातीपरीक्षण न करता खत टाकण्यासारखेच ते होईल. गाठ लहान असताना कळली तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. उशिरा कळली तरी औषधे, किरणोपचार असतात, आणि काही रुग्णांना, विशेषतः न ओढणाऱ्यांना, तुकड्याच्या पुढच्या तपासणीत ठरावीक दोष निघाला तर गोळ्यांनी बराच काळ आराम पडतो. आपल्या देशात निदान होते तेव्हाच चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांचा हा रोग शरीरात दूरवर पसरलेला असतो. दुखण्याइतकाच हा उशीर माणसाला मारतो.

पाचवी गोष्ट, पैशाची. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत होतात. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे कागद, फोटो, चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्या. रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो, पहिल्यांदा त्याला भेटा. बैलजोडी विकायच्या आधी ही चौकशी करा.

नोंद खरी लिहा

शेवटचे सांगणे गावकारभाऱ्यांना. एखाद्याच्या घरी मृत्यू झाला की दुःखात कारण कोण विचारतो, हे समजण्यासारखे आहे. पण जमेल तिथे डॉक्टरांचा कागद जोडून खरे कारण वहीत लिहून घ्या. कॅन्सर म्हटले की पोरीच्या सोयरिकीला अडचण येईल, लोक ताट वेगळे ठेवतील, अशा भीतीने घरचे लोक दुखणे लपवतात. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे सरपंचांनी, गुरुजींनी, महाराजांनी कीर्तनात चार वेळा सांगितले पाहिजे. येत्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून अर्धा तास या विषयाला द्या. गेल्या वर्षभरात दोन आठवड्यांहून जास्त खोकल्याची किती माणसे तपासली आणि त्यांतली किती पुढे पाठवली, एवढे दोनच प्रश्न विचारा.

ज्या जिल्ह्याच्या नावावर रोग कमी, त्या जिल्ह्याला यंत्रे कमी, डॉक्टर कमी, निधीही कमी मिळतो. दुष्काळ पडूनही पैसेवारी साठच्या वर लागली तर गावाचे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपला आकडा खरोखर कमी असेल तर आनंदच आहे. पण प्रत्येक खोकला तपासून, प्रत्येक नोंद खरी लिहून तो कमी निघाला, तरच त्याला कमी म्हणायचे.

घरात, शेजारी, सालगड्याच्या कुटुंबात कुणी बरेच दिवस खोकत असेल, तर हे वाचून झाल्यावर त्याच्याकडे एक चक्कर मारा. सोबत कुणी यायला तयार असेल तर माणूस दवाखान्यात लवकर जातो, असा अनुभव आहे.

पुढच्या अंकी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी. बियाणे आणून ठेवा, पण औषध चोळायची घाई करू नका.